करजगी सरांचा वॉक

शुक्रवार पेठेत मंजुनाथ करजगी सरांना ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण. सरांनी ज्याला रस्त्यात अडवून एखाद्या इंग्रजी शब्दाची जन्मकथा ऐकवली नाही असा माणूस सापडणं त्याहून कठीण. सर जन्मले अक्कलकोटच्या पलीकडे एका खेड्यात. तिथं घरात कानडी, शाळेत मराठी आणि इंग्रजी फक्त खताच्या पोत्यांवर. त्या पोत्यांवरूनच आपण अक्षरं गिरवली असं सर अभिमानानं सांगतात. पुढं ते सोलापुरात एका शाळेत इंग्रजीचे मास्तर म्हणून चिकटले, आणि सगळी नोकरी त्यांनी क्रियापदांची रूपं घोकून घेण्यात आणि पोरांचे कान पिळण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर कुणी देवाला लागतो, कुणी शेअर बाजाराला लागतो. सर शब्दांना लागले. पुण्याहून त्यांनी एक जाडजूड शब्दकोश मागवला. त्यात प्रत्येक शब्दाखाली तो कुठून आला, कुणाच्या पोटी आला आणि वाटेत किती घरं फिरला हे बारीक टायपात दिलेलं होतं. सरांना तो कोश म्हणजे अख्ख्या इंग्रजी भाषेची सोयरीक जुळवायची वही वाटायची.

घरात मात्र या विद्येला गिऱ्हाईक नव्हतं. दाक्षायणीबाई, म्हणजे सरांच्या मंडळी, अक्कलकोटकडच्याच. सर तव्याशेजारी उभं राहून एखाद्या शब्दाचं मूळ उकलायला लागले की त्या "आलं असंल कुटनं तरी" एवढं म्हणून भाकरी उलटायच्या. लेक पूनम पुण्यात नोकरीला होती, आणि तिला सरांचा फोन आला की नेमकी मीटिंग लागायची.

एरवी हे असंच सुखात चाललं असतं, पण सरांच्या रक्तात साखर निघाली.

ती काढली डॉक्टर विरेशनं. हा विरेश सरांचाच विद्यार्थी. स्पेलिंग चुकलं म्हणून सरांनी त्याला किती वेळा बाकावर उभं केलं होतं याचा हिशोब दोघांनीही ठेवला नव्हता, निदान सरांनी तरी नाही. विरेशनं गोळ्या लिहून दिल्या आणि फार नम्रपणे सांगितलं की सर, रोज वॉक करा, घाम येईपर्यंत. साखर उतरली नाही तर मग इन्सुलिन सुरू करावं लागेल, रोज, पोटात टोचून.

टोचून म्हटल्याबरोबर सरांची पाचावर धारण बसली. कारण सुई ही सरांची दुखरी नस होती. फार वर्षांपूर्वी शाळेत लसीकरणाचा कॅम्प लागला होता. पोरांना धीर यावा म्हणून सरांनी सर्वांत आधी बाही वर केली, आणि सुई दिसताच हेडमास्तरांच्या टेबलावर आडवे झाले. वर्गात पुढचे कित्येक महिने फळ्यावर कुणीतरी इंजेक्शनचं चित्र काढून ठेवायचं. आता त्या वर्गातलाच एक पोरगा डॉक्टर होऊन समोर बसला होता, आणि हातात सुई घ्यायची भाषा करत होता. सरांनी दुसऱ्याच दिवशी पांढरे बूट आणले आणि सूर्योदय वॉकिंग ग्रुपात नाव घातलं.

तळ्याकाठी चालायला एक फरसबंद वाट आहे. तिच्या पहिल्याच वळणावर बाकडी आहेत, आणि सूर्योदय ग्रुपचा सगळा इतिहास त्या बाकड्यांवर घडलेला. ग्रुपचे अध्यक्ष आप्पा. कापडाचं दुकान पोरांच्या हाती सोपवून ते आता समाजकार्याला मोकळे झाले होते. आप्पांनी सगळ्यांना टी-शर्ट वाटले होते. छातीवर ग्रुपचं नाव आणि पाठीवर आप्पांचा पुतण्या शिवराज, हात जोडलेला, खाली 'भावी नगरसेवक'. सगळे रांगेनं चालतील आणि मागून येणारे मतदार शिवराजचं दर्शन घेतील अशी आप्पांची योजना. पण ग्रुप फारसा चालतच नसल्यामुळे शिवराजचा सगळा वेळ बाकड्याच्या फळीला तोंड लावून जायचा.

पहिल्या दिवशी सर मोठ्या निर्धारानं निघाले आणि वळणापर्यंत पोचले. आप्पांनी हाक मारून बोलावलं. चालणं कुठं पळून जातंय, जरा टेका की, असं म्हणत त्यांनी सरकून जागा केली. सर टेकले. समोर कागदात इडली आली, शेंगाचटणी आली. कुणीतरी शॅम्पूचा विषय काढला, आणि हा शब्द आपल्याच चंपीवरून तिकडं गेला हे सांगितल्याशिवाय सरांना राहवेना. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकानं आणखी एखादा सांगा म्हटलं. बास, सरांचं ठरलं. बाकांवर बसलेले लोक आणि समोर उभा राहून बोलणारा आपण, याखेरीज या माणसाला आयुष्यात दुसरं काही नकोच होतं. ते रोज पहाटे घरून निघायचे, वळणापर्यंत जायचे, दोन-तीन शब्दांची पाळंमुळं खणायचे, इडली खायचे आणि परत यायचे. एकही खाडा नाही. दाक्षायणीबाई कौतुकानं शेजारणीला सांगायच्या, आमचे सर ऊन-पाऊस बघत न्हाईत.

श्रावणात ग्रुपचा वर्धापनदिन आला. आप्पांनी सरांचं व्याख्यान ठेवलं. विषय 'वॉक: अर्थ आणि उगम'. मंडप घातला, सोफे मागवले, फ्लेक्स लावला. त्यावर शिवराज पुरुषभर उंचीचा, आणि सर कोपऱ्यात पासपोर्ट फोटोएवढे. त्या दिवशी तळ्याकाठची वाटच मंडपानं अडवली होती. त्यामुळे जे दोन-चार लोक खरोखर चालायला येत त्यांनाही मुकाट्यानं खुर्च्यांवर बसावं लागलं.

व्याख्यान मात्र रंगलं. सर म्हणाले, तुम्हाला वाटतं वॉक म्हणजे चालणं. हजार वर्षांपूर्वी इंग्लंडात जाऊन विचारलं असतं तर कुणी हो म्हटलं नसतं. तेव्हा या शब्दाचा अर्थ होता घुसळणं, लोळणं, गडबडणं. समुद्राच्या लाटा वॉक करायच्या. आणि दुसरं वॉक करायचं ते कापड. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरळ आणि तेलकट असतं, आपल्या घोंगडीसारखं. ते हौदात पाण्यात घालायचं आणि माणसांनी आत उतरून पायांनी तुडवायचं, तासन् तास, म्हणजे ते आकसतं, घट्ट होतं. पाण्यात काय घालायचे हे सांगताना सरांनी समोरच्या महिलावर्गाकडं बघून आवाज खाली केला, आणि मग पुरुषांच्या सोफ्याजवळ जाऊन शिळं मूत्र म्हणून सांगितलं. इडलीचा घास हातात असलेल्यांची पंचाईत झाली. असं तुडवणाऱ्या माणसाला म्हणायचे वॉकर. पुढं कधीतरी हा शब्द हौदातून बाहेर पडला, रस्त्याला लागला आणि साध्या चालण्याचा झाला. तो नक्की कसा बाहेर पडला यावर विद्वानांत वाद आहे, पण मंडपात वाद घालायला कुणी विद्वान नव्हता. बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थानं तेवढं उठून सांगितलं की हा शब्द मुळात आपल्या वाकळीवरून तिकडं गेला असणार. सरांपेक्षा टाळ्या त्यालाच जास्त पडल्या, आणि त्या रागात सरांनी आणखी एक बशी शिरा खाल्ला.

भाद्रपदात तपासणी झाली. साखर उतरायची राहिली बाजूला, चांगली वर चढून बसली होती. विरेशनं कागद दोनदा वाचला. सर वॉकला रोज जाता ना, असं त्यानं विचारलं. सर म्हणाले, रोज. यात शब्दानंही खोटं नव्हतं. विरेश कोड्यात पडला. अखेर त्यानं घटस्थापनेपर्यंत मुदत दिली. तोवर आकडा खाली आला नाही तर घट बसतील त्याच दिवसापासून इंजेक्शन सुरू. स्वतःला टोचून घ्यायला जमणार नसेल तर मी शिकवीन, सर, फार सोपं असतं, असंही तो म्हणाला. हे वाक्य सरांनी वर्गात आयुष्यभर वापरलं होतं. ते ऐकताना कसं वाटतं हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

घरी वेगळाच पेच होता. पितृपंधरवडा लागला होता, आणि पेठेत घरोघरी दसरा काढायची धांदल सुरू होती. घटाच्या आत घरातली असेल नसेल ती गोधडी, चादर, पांघरूण धुऊन निघायलाच हवं. लग्न होऊन आल्यापासून हे काम दाक्षायणीबाईंचं. अंगणातल्या फरशीवर भिजलेल्या गोधड्यांचा ढीग घालायचा, लुगडं खोचून वर चढायचं आणि सोड्याच्या पाण्यात तुडवत राहायचं. यंदा मात्र त्यांचा उजवा गुडघा नारळाएवढा सुजला होता. पूनमनं फोनवरून मशीनचा सल्ला दिला. तो गेल्या वर्षीच करून झाला होता. ओल्या गोधडीच्या वजनानं मशीन थरथरत मोरीपासून दारापर्यंत चालत आली होती. त्या घरात कुणी मन लावून केलेला वॉक तेवढाच.

एका सकाळी बोअर चालू झाला तसं दाक्षायणीबाईंनी टपात गोधड्या भिजवून फरशीवर त्यांचा ढीग घातला. भिंतीला धरून एक पाय वर टाकला आणि तसाच खाली घेतला. मग पायरीवर बसून राहिल्या. सर जवळच खुर्चीत शब्दकोश मांडीवर घेऊन बसले होते. ग्रुपला जायची त्यांना त्या दिवशी इच्छा झाली नव्हती. डोळ्यांसमोर सारखी सुई येत होती. मन दुसरीकडं लागावं आणि बायकोचंही लागावं म्हणून त्यांनी तिला वॉकची गोष्ट सांगायला घेतली. सगळ्या सोलापूरला सांगून झाली होती, तिलाच तेवढी राहिली होती.

दाक्षायणीबाईंनी यावेळी भाकरी उलटली नाही, कारण उठताच येत नव्हतं. सगळं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं की त्या तुडवणाऱ्या लोकांचं पुढं काय झालं. सर खुलले. बायकोनं विचारलेली ही पहिली शंका. सरांनी सांगितलं की त्यांचं तेच आडनाव पडलं, वॉकर. आजही तिकडं दारादारांवर ही पाटी असते. डॉक्टर आहेत, वकील आहेत, मोठमोठे लोक आहेत.

"म्हंजी तितं तुडवून आडनाव मिळालं," दाक्षायणीबाई म्हणाल्या, "आनि हितं तुडवून गुडगा गेला."

सरांनी खाली बघितलं. कोश मांडीवर उघडा होता, पण त्यात याच्यावर काही दिलेलं नव्हतं.

"तुमी ह्ये समद्या मंडपाला सांगितलं की," त्या ढिगाकडं बघत म्हणाल्या. "यकानं बी इचारलं न्हाय व्हय, तुमच्या घरी कोन तुडवतंय म्हनून?"

खरंच कुणी विचारलं नव्हतं. सरांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं. दर वर्षी या दिवसांत अंगणात पाण्याचा आवाज यायचा आणि ते आत बसून तिमाहीचे पेपर तपासायचे. आवाजानं लक्ष लागत नाही म्हणून एकदा त्यांनी खिडकीही लावून घेतली होती. त्यांना मनापासून लाज वाटली. पण सगळंच लाजेच्या खात्यावर टाकायला नको. घाम येईपर्यंत, हे विरेशचे शब्दही त्याच क्षणी कानात वाजले होते. ते लाजेनं उठले की सुईच्या भीतीनं, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. कोश बाजूला ठेवून त्यांनी लुंगी गुडघ्याच्या वर खोचली आणि फरशीवरच्या ढिगावर पाय ठेवला.

पहिल्याच पावलाला ते घसरले आणि खिडकीचा गज धरून वाचले. ओली गोधडी दिसते मऊ, पण पाय आत ओढून घेते आणि सोडताना खळखळ करते. दाक्षायणीबाई पायरीवरून सूचना द्यायला लागल्या. टाच न्हाय, चवडा. कडंनं या, मदीच नाचू नका. आता पलटी मारा. न्हाय निघाला मळ, परत करा. सर परत करायचे. इतकी वर्षं पोरांना 'परत कर' म्हणणारा माणूस बायकोच्या तोंडून ते ऐकत होता आणि मूग गिळून पाय उचलत होता. थोड्याच वेळात बनियन अंगाला चिकटलं. दुपारी ते जेवले आणि शब्दकोश न उघडता झोपले.

करजगींच्या घरात पांघरुणांना तोटा नव्हता. सोलापुरात जन्म, लग्न आणि सत्कार या तिन्ही प्रसंगी माणसाला चादर मिळते, आणि सरांचे सत्कार बरेच झालेले. त्यामुळे दुसऱ्या दिवशीही धुणं निघालं, तिसऱ्या दिवशीही निघालं. सर रोज सकाळी उतरायचे. बोळातल्या बायका आधी पदर तोंडाला लावून हसल्या. मग त्यांनी आपापल्या नवऱ्यांना बाहेर बोलावून दाखवलं, तेव्हा नवरे हसले नाहीत. एकानं तर संध्याकाळी सरांना गाठून विनंती केली, की सर, हे दार लावून करता येत नाही का?

सर येत नाहीत म्हणून एका सकाळी आप्पाच सगळा ग्रुप घेऊन घरी आले. समोरच्या कट्ट्यावर मंडळी टेकली, इडलीचे कागद उघडले. लुंगी खोचलेल्या सरांकडं त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि मग आप्पांनी सवयीनं एखादा शब्द होऊन जाऊ दे म्हटलं. सरांना शब्द आठवत होते, दम मात्र पुरत नव्हता. त्यांनी नुसती मान हलवली आणि तुडवत राहिले. सर गप्प आहेत हे बघून आप्पांना काळजी वाटली. त्यांनी दाक्षायणीबाईंना बाजूला घेऊन, सरांना मनाचा काही त्रास आहे का, अशी चौकशी केली. बरोबर आलेल्या शिवराजनं तेवढ्यात फोटो काढले. दुपारपर्यंत ते सगळीकडं फिरलेसुद्धा, 'शिवराजभैयांच्या प्रेरणेतून गोधडी स्वच्छता अभियान' म्हणून. त्यातल्या एका फोटोत सर होते, पण फक्त गुडघ्यापर्यंत.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सर तपासणीला गेले. दाक्षायणीबाईही बरोबर होत्या. गुडघा एकदा दाखवून घ्यावा असं सरांनीच म्हटलं होतं, आणि ते त्यांनी पहिल्यांदाच म्हटलं होतं. साखर खाली आली होती. एकदम उत्तम नव्हे, पण सुई पुढं ढकलण्याइतकी. सरांनी एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले. विरेश खूष झाला. त्यानं विचारलं, की सर, नेमकं काय केलंत, कुठल्या ट्रॅकवर जाता, इतर पेशंटांना सांगता येईल. सरांनी छाती पुढं काढली. तुडवणं, हौद, वॉकर असं सगळं एका दमात आलं, आणि आपण ते घरी प्रत्यक्ष करून दाखवलं हेही आलं. हे शास्त्रशुद्ध आहे, दिवसाला अर्धा तास गोधडी तुडवली तर तळ्याकाठी जायची गरज नाही, असंही ते सांगायला लागले. विरेशनं अर्ध्यावर मान डोलावली आणि दाक्षायणीबाईंचा एक्स-रे काढून काचेवर लावला.

त्यात सरांना काही कळलं नाही. पांढऱ्या दोन हाडांमध्ये जिथं फट असायला हवी होती तिथं ती दिसत नव्हती, एवढं विरेशनं बोट ठेवून दाखवलं. त्यानं विचारलं, काकू, काम काय करत होतात? पाण्यातलं, वजनाचं?

दाक्षायणीबाईंनी नवऱ्याकडं एकदा बघितलं. "ह्येच की," त्या म्हणाल्या. "सरांनी आता सांगितलं त्ये."

 विरेशनं सरळ सांगून टाकलं, की नुसत्या त्यानंच असं होतं असं मी म्हणणार नाही, पण इतकी वर्षं ओल्या फरशीवर हे केलंय, त्यानं झीज वाढली. थोडं आधी थांबायला हवं होतं, किंवा कुणीतरी थांबवायला हवं होतं. पुढंमागं सांधा बदलावा लागेल. तोपर्यंत गुडघ्यात इंजेक्शन देऊन बघू. दाक्षायणीबाईंनी लगेच पाय पुढं केला. सरांनी नेहमीप्रमाणं भिंतीकडं तोंड फिरवलं. मग पुन्हा वळून त्यांनी बायकोचा हात धरला. सुई मोठी होती. दाक्षायणीबाईंच्या तोंडून आवाजही निघाला नाही.

दोघं परतीच्या रिक्षात बसले. पंधरवडाभर केलं त्यानं आपली साखर उतरली आणि जन्मभर केलं त्यानं हिचा गुडघा गेला, हे सरांच्या डोक्यातून जाईना. काहीतरी बोलायला हवं होतं. हजारो शब्द त्यांना त्यांच्या आजा-पणज्यांसकट पाठ होते. त्यातला एकही उपयोगाचा वाटेना.

"दुखतंय का गं?" त्यांनी विचारलं.

दाक्षायणीबाई बाहेर बघत होत्या. रिक्षा पेठेत वळली.

"दुखतंय की," मग त्या म्हणाल्या. "लई दुखतंय. लई वरसं झाली."

आणि त्यांनी पाय हळूहळू लांब केला. सरांनी औषधांची पिशवी खालून उचलून मांडीवर घेतली आणि त्या पायाला जागा करून दिली.